आधी तारीख विचारा, मग पोस्टर छापा!

गेल्या फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळी दहाची वेळ आणि हॉस्टेलच्या मुलांपुढे तीन आमंत्रणं. एका ग्रुपची नदीकाठची सफाई, दुसऱ्याचं रक्तदान शिबिर आणि तिसऱ्याची माहितीच्या अधिकारावर कार्यशाळा. तिन्ही कामं चांगली. पण अशा कामांना जाणारी डोकी तीच ती, पंचवीस-तीस! नदीवर नऊ जण आले, कार्यशाळेत सहा. शिबिरात बरे जमले, पण त्यातल्या निम्म्यांना परत पाठवावं लागलं. ते आदल्याच महिन्यात दुसऱ्या ग्रुपच्या शिबिरात रक्त देऊन आले होते.

दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, हे आयोजकांना पाठ होतं. माहीत नव्हतं ते फक्त आधीचं शिबिर. बरं, रक्त काही वर्षभर साठवता येत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. म्हणजे शिबिरं वर्षभर विभागून व्हायला हवीत. आपण मात्र सगळी जयंत्यांना आणि गॅदरिंगच्या आसपास उरकतो.

मग आम्ही चौघांनी ठरवलं, सगळ्या ग्रुप्सचं एक सामायिक कॅलेंडर करायचं. इंजिनिअर म्हटल्यावर काय, लगेच लॉगिन, डेटाबेस, अॅडमिन पॅनेल! दोन आठवडे रात्री जागल्यावर कळलं, की कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीसाठी 'आयकॅलेंडर' नावाचा फॉरमॅट १९९८ सालापासून आहे. आपल्या मोबाईलमधली बहुतेक कॅलेंडरं तो वाचतात. प्रत्येक ग्रुपने स्वतःचं कॅलेंडर ठेवायचं, आपण ती फक्त एकत्र दाखवायची. कार्यक्रमाची तारीख बदलली, की सगळीकडे बदलते. कुणाच्या तारखा कुणाच्या ताब्यात जात नाहीत. सॉफ्टवेअरचा प्रश्न तिथेच संपला.

खरा प्रश्न पुढे होता. कॅलेंडर सुरू झालं, पण तारखा यायच्या त्या पोस्टर छापून झाल्यावर! तोवर हॉल बुक, पाहुणे ठरलेले, मागे कोण हटणार? त्या फॉरमॅटमध्ये कार्यक्रमाच्या तीन अवस्था दिलेल्या आहेत : तात्पुरता, पक्का आणि रद्द. आम्ही फक्त मधली वापरत होतो. 'आधी सांगितलं तर दुसरे आपली आयडिया पळवतील' ही भीती, आणि रद्द लिहायची लाज. माझं स्पष्ट मत आहे, की ज्यात तात्पुरती तारीख लिहिली जात नाही ते कॅलेंडर नव्हे, तो नुसता नोटीस बोर्ड.

काही जण म्हणतात, सगळं उघड केलं तर कार्यकर्त्यांना त्रास होईल. मुद्दा रास्त आहे. म्हणून कुणाचा मोबाईल नंबर टाकायचा नाही, घरगुती बैठका टाकायच्या नाहीत. जे लोकांसाठी आहे तेवढंच. पण ते मात्र वेळेवर! २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. ती पहिल्या दिवशी कॅलेंडरवर आली तर अहवाल वाचून बोलता येतं. अठ्ठाविसाव्या दिवशी आली तर फक्त घोषणा देता येतात.

घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचा खाडा लिहिते, बाबा गॅसची तारीख, आपण परीक्षा. परवानगी कुणी कुणाला विचारत नाही, पण लिहिण्याआधी त्या चौकोनात काय आहे ते सगळे बघतात. एवढीच सवय आपल्या ग्रुप्सना लागली तरी पुरे.

स्टाफला एक विनंती : सबमिशन आणि ओरलच्या तारखाही आम्हाला आधी कळवा, तात्पुरत्या असल्या तरी चालतील. आणि मित्रांनो, पुढच्या रक्तदान शिबिराची तारीख मेसच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिली आहे. कुणाची अडचण असेल तर या आठवड्यात सांगा. पुढच्या सोमवारी मी पेन घेऊन येतोय.