‘राजीनामा’ की ‘कपात’? एका शब्दात अडकलेला लाखाचा हिशेब

एचआरच्या केबिनमध्ये बोलावणं येतं. टेबलावर दोन कागद असतात : एक राजीनाम्याचा, दुसरा फुल अँड फायनलचा. “आजच सही करा, चेक घेऊन जा, नाहीतर पैसे कधी मिळतील सांगता येत नाही,” असं सांगितलं जातं. उद्यमबाग असो, शिनोळी एमआयडीसी असो की गोव्यातलं वेर्णा, मंदीच्या दिवसांत ही पद्धत कामगारांच्या ओळखीची आहे. कागद बहुतेक वेळा इंग्रजीत, सही मात्र मराठीत. आणि त्या सहीने किती रक्कम सुटते, याचा हिशेब घरी आल्यावर लागतो.

तो हिशेब उदाहरणानेच समजून घेतलेला बरा. एका कामगाराची 12 वर्षं नोकरी झाली आहे आणि मासिक वेतन 18 हजार रुपये आहे. कंपनीने त्याला कामगार कपातीत काढलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी 18 हजार रुपये द्यावे लागतात. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे साधारण 1 लाख 8 हजार रुपये. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचं वेतन जमा होण्याची तरतूद आहे, म्हणजे 9 हजार. एकूण 1 लाख 35 हजार रुपये.

आता त्याच कामगाराने ‘मी स्वखुशीने, वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ या ओळीखाली सही केली, की यातलं काहीच कंपनीवर बंधनकारक राहत नाही. कारण स्वेच्छेने सोडलेली नोकरी म्हणजे कपात नव्हे. कंपनीने वर 50 हजार ‘सानुग्रह’ दिले तर ते उपकार वाटतात; प्रत्यक्षात तो घाट्याचा सौदा असतो.

काय सोडता येतं, काय नाही

ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी या रकमा तडजोडीच्या नाहीत. पाच वर्षं नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. वरच्या उदाहरणात ती 18 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 12, म्हणजे सुमारे 1 लाख 24 हजार 600 रुपये होते. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही ती लागू होते. ‘माझं कंपनीकडे काही येणं नाही’ असं लिहून घेतलं, तरी कायद्याने दिलेला हा हक्क संपत नाही. त्यामुळे ‘सेटलमेंटची रक्कम’ म्हणून मोठा आकडा दाखवला, तर त्यातली ग्रॅच्युइटी किती, रजेचे पैसे किती आणि खरोखर जादा किती, हे वेगवेगळं लिहून मागायला हवं.

चेकची भीती दाखवण्यालाही आता फारसा आधार नाही. वेतन संहितेनुसार कामावरून काढलं असो वा राजीनामा दिलेला असो, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ग्रॅच्युइटीसाठी 30 दिवसांची मुदत आहे. ‘सही नाही तर पगार नाही’ असं म्हणणं कायद्यात बसत नाही.

नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही, अशी अटही बऱ्याच करारांत असते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे अशी बंदी सहसा टिकत नाही. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर न देण्याची अट मात्र टिकते.

दाद कुठे मागायची?

सीमाभागातल्या माणसाला सगळ्यात महाग पडू शकते ती करारातली शेवटची ओळ : ‘वाद झाल्यास फक्त मुंबईच्या न्यायालयांना अधिकार राहील.’ एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी नोकरीच्या करारातली अशी अट वैध ठरवली. तो वाद एका खासगी बँकेच्या कर्मचाऱ्यांचा होता. एक जण पाटण्यात नोकरीला होता, पण करारात मुंबई लिहिलेली होती. म्हणजे बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबादेत बसून मुंबईच्या कंपनीत अधिकारीपदावर काम करणाऱ्याला दिवाणी दावा मुंबईतच लावावा लागू शकतो.

कारखान्यातल्या कामगाराची वाट वेगळी आहे. त्याची तक्रार कामगार खात्याकडे जाते, आणि खासगी कारखान्यासाठी ते खातं कारखाना ज्या राज्यात आहे तिथलं असतं. राहायला बेळगावात आणि काम शिनोळीत असेल तर महाराष्ट्राचं, खानापूरचा माणूस वेर्ण्यात असेल तर गोव्याचं. चुकीच्या राज्यात अर्ज टाकून महिने घालवणं परवडत नाही, कारण दाद मागायला मुदत असते.

सही झालीच असेल तर

सगळं संपलं असं नाही. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हेच मान्य करून त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. जबरदस्तीने घेतलेली सही न्यायालयात टिकत नाही, पण जबरदस्ती झाली हे कामगारालाच दाखवावं लागतं. म्हणून त्याच दिवशी ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने आक्षेप कळवलेला कागद उपयोगी पडतो. सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीवर ‘चेक वटवला तेव्हा गप्प का होतात?’ हा पहिला प्रश्न येतो.

वकिलाच्या फीचं कारणही फार मोठं नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कागदाची प्रत घेऊन तिथे जायचं, एवढंच.

केबिनमधल्या त्या दहा मिनिटांत कायदा पाठ असण्याची गरज नाही. ‘प्रत द्या, घरी वाचून उद्या सांगतो’ हे एक वाक्य पुरेसं असतं. कागदावर ‘राजीनामा’ लिहिलंय की ‘कपात’, रक्कम कशाची आणि न्यायालय कुठलं, या तीन गोष्टी त्या एका रात्रीत पाहून होतात. कागद सरळ असेल तर कंपनीला एका रात्रीची घाई नसते.