काच बदलली, डोळा तपासला का?

अवजड वाहने आणि बसगाड्यांमध्ये चालक-साहाय्य यंत्रणा बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पुढच्या वाहनावर आदळण्याची वेळ आली की आपोआप ब्रेक लावणारी, चालकाला डुलकी लागत असल्यास त्याला सावध करणारी आणि गाडी मार्गिका सोडून भरकटू लागली की इशारा देणारी यंत्रणा नव्या ट्रकमध्ये असावी, असा त्या मसुद्याचा आशय. देशात २०२३ या एकाच वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे दगावली. या आकड्यापुढे कोणताही उपाय महाग म्हणता येत नाही. परंतु यंत्रणा बसवणे ही एक गोष्ट आणि ती खरे पाहते आहे याची खात्री करणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा विचार चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात केला, तर अडचण कोठे आहे ते लवकर ध्यानात येते.

या यंत्रणेचा डोळा म्हणजे समोरच्या काचेच्या आतल्या बाजूस, आरशाच्या मागे बसवलेला एक लहान कॅमेरा. काही गाड्यांत त्याच्या जोडीला बंपरमागे रडार असते. एमजी ग्लॉस्टर २०२० मध्ये आली, महिंद्राची एक्सयूव्ही ७०० त्यानंतरच्या वर्षी. तेव्हापासून हा कॅमेरा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गाड्यांतही दिसू लागला. तो रस्त्याचे चित्र घेतो आणि पुढचे वाहन किती अंतरावर, कोणत्या मार्गिकेत आहे याचा हिशेब संगणक मांडतो. या हिशेबाचा पाया एकच : कॅमेरा नेमका कोठे आणि कोणत्या कोनात बसला आहे, हे संगणकाला ठाऊक असणे. ते ठाऊक करून देण्याच्या प्रक्रियेला कॅलिब्रेशन म्हणतात, मराठीत अंशशोधन.

शाळकरी भूमितीने हे तपासून पाहता येते. कॅमेरा आपल्या जागेवर अवघा एक अंश आडवा वळला, तर शंभर मीटर अंतरावर पडणारी चूक सुमारे पावणेदोन मीटर असते. आपल्याकडील महामार्गांची मार्गिका साडेतीन मीटर रुंद धरलेली असते. म्हणजे एका अंशात अर्धी मार्गिका गेली. समोरून येणारा, पण आपल्या बाजूने नीट चाललेला ट्रक संगणकाला आपल्याच वाटेत उभा दिसू शकतो. किंवा वाटेत खरोखर उभा असलेला ट्रक त्याला बाजूला दिसतो. पहिल्या चुकीने विनाकारण ब्रेक लागतो, दुसऱ्या चुकीने लागायला हवा तेव्हा लागत नाही. यातली वाईट गोष्ट अशी की, कॅमेरा थोडा कलला म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. लहानसहान फरक काही गाड्या चालता चालता स्वतःच भरून काढतात, पण त्यालाही मर्यादा आहे. एरवी यंत्रणा बिनदिक्कत चुकीचे पाहत राहते.

हा कोन बिघडतो कशाने? समोरची काच बदलली, गाडीला ठोकर बसली, बंपर उतरवला, शॉकअब्सॉर्बर किंवा पाटे बदलले, कधी कधी नुसते व्हील अलाइनमेंट केले, तरी उत्पादक पुन्हा कॅलिब्रेशन करण्यास सांगतो. आता ही यादी घेऊन घुग्घूस, बल्लारपूर, माजरीच्या कोळसापट्ट्यात जावे, किंवा आलापल्ली-आष्टी रस्त्यावर. २०२१ पासून एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या खाणीतून लोहखनिजाची वाहतूक वाढली आणि त्या भागातील रस्त्यांवर अवजड गाड्यांची रांग लागली. डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने काचेला तडा जाणे हा येथे अपघात मानला जात नाही. तो मोसमाचा भाग आहे. खड्ड्यांनी पाटे खचतात, अलाइनमेंट जाते. थोडक्यात, जी कामे वर्षातून एकदा करावी लागली तर शहरी मोटारमालक कुरकुरतो, ती कामे येथे वरचेवर निघतात. ज्या भागात कॅलिब्रेशनची गरज सर्वाधिक, त्याच भागात ते करून घेणे सर्वांत अवघड, हा या प्रश्नाचा गाभा.

कॅलिब्रेशन म्हणजे संगणक जोडून बटण दाबणे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक बटण दाबण्याचे काम शेवटच्या काही मिनिटांचे. त्याआधीची तयारी हेच खरे काम आणि त्यात कसूर झाली तर संगणक चुकीलाच प्रमाण मानून बसतो. नवी काच त्या गाडीसाठीचीच हवी, कारण कॅमेरा ज्या कंसात बसतो तो काचेला चिकटवलेला असतो आणि त्याच्या समोरचा काचेचा भाग लहर किंवा छटा नसलेला लागतो. काच चिकटवणारा डिंक पुरता धरेपर्यंत गाडी हलवायची नाही. किती वेळ, ते डिंकाच्या उत्पादकाने लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक घाईत असले तरी तो वेळ कमी होत नाही. मग काच आतून-बाहेरून स्वच्छ करायची. देवाचे स्टिकर, सावलीची पट्टी, लोंबते लिंबू-मिरची, कॅमेऱ्याच्या नजरेत येणारे जे काही असेल ते काढायचे. फास्टॅगचीही हीच गोष्ट : तो आरशामागे, काचेच्या वरच्या मध्यभागी चिकटवण्याची सवय लागली आहे आणि नेमकी तीच कॅमेऱ्याची जागा.

त्यानंतर गाडी स्वतः नीट उभी आहे का, हे पाहायचे. चारही चाकांत उत्पादकाने सांगितलेली हवा, टायर एकाच मापाचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत रिमोल्ड टायर असेल तर गाडी नकळत कलते आणि गाडीसोबत कॅमेराही. डिकीतले सामान उतरवायचे, छतावरचा कॅरिअर रिकामा करायचा, आत कोणी बसू नये. टाकीत इंधन किती असावे हेदेखील अनेक उत्पादक सांगतात, कारण भरलेली टाकी गाडीचा मागचा भाग दाबते. स्टेपनी मात्र जागेवरच हवी, ती गाडीच्या वजनात धरलेली असते. अलाइनमेंट आधी करायचे, नंतर नाही. मागची चाके तिरपी ढकलत असतील तर गाडी नाकासमोर न जाता किंचित आडवी चालते आणि सरळ बसवलेला कॅमेराही तिरपा ठरतो. स्टिअरिंग सरळ, बॅटरीला चार्जर जोडलेला, संगणकातील जुन्या बिघाडांच्या नोंदी वाचून त्यांचे कारण दूर केलेले. बिघाड तसाच ठेवून नोंद पुसणे म्हणजे ताप न तपासता थर्मामीटर झटकणे होय.

मग जागा. सपाट, समतल फरशी, स्थिर आणि सारखा प्रकाश, मागे साधी भिंत. गाडीचा मध्य काढून त्या रेषेत ठरावीक अंतरावर, ठरावीक उंचीवर नक्षीचा फलक उभा करायचा, मोजमाप मिलिमीटरमध्ये. यासाठी लेसरची साधने निघाली आहेत, परंतु मूळ तत्त्व गवंड्याच्या ओळंब्याचे आणि पाणसळीचेच आहे. आमच्याकडचा चांगला गवंडी हे काम एका दिवसात शिकेल. अडचण कौशल्याची कमी, जागेची अधिक. रस्त्याकडेच्या गॅरेजची जमीन मातीची, उताराची. उन्हाळ्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या छताखाली एका बाजूने येणारा झगझगीत उजेड कॅमेऱ्याला फलक धड पाहू देत नाही आणि कोळशाची भुकटी पुसलेल्या काचेवर तासाभरात पुन्हा बसते.

यावर काही उत्पादकांचा पर्याय आहे : फलकाऐवजी गाडी रस्त्यावर चालवून कॅलिब्रेशन करणे. त्यासाठी ठरावीक वेग, कोरडी हवा आणि दोन्ही बाजूंना स्पष्ट आखलेल्या रेषा लागतात. गडचिरोलीच्या आतल्या भागात एकेरी रस्ते पावणेचार मीटर रुंदीचे. त्यावर मधली रेषा असण्याचा प्रश्नच नाही आणि कडेची रेषा असेल तर पहिल्या पावसाळ्यात मुरमाखाली जाते. करंजीकडून वणी, चंद्रपूर, मूलमार्गे गडचिरोली-धानोऱ्याकडे जाणारा ९३० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग असेल तर गोष्ट वेगळी. परंतु सिरोंच्याच्या गाडीमालकाने काय करावे? त्याला जिल्ह्याचे मुख्यालयच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो पल्ला त्याने न जुळवलेल्या कॅमेऱ्यावर विसंबून गाठायचा. निदान त्या प्रवासापुरती यंत्रणा बंद ठेवण्याचा सल्ला त्याला काच बदलणाऱ्याने द्यायला हवा.

या तंत्रज्ञानाचा विदर्भाला परिचय नाही असे नव्हे. नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आय-रस्ते’ प्रकल्प जाहीर झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, महिंद्रा आणि नागपूर महापालिका यांनी मिळून शहर बसगाड्यांवर अशी यंत्रणा बसवण्याचे ठरवले. पुढे तेलंगणातही परिवहन महामंडळाच्या गाड्यांवर ती गेली. या प्रकल्पाची खरी कल्पकता इशारे देण्यात नव्हती. हे इशारे कोठे वारंवार वाजतात याची नोंद ठेवून, अजून अपघात झालेला नाही पण होऊ घातला आहे अशा जागा, ज्यांना प्रकल्पात ‘ग्रे स्पॉट’ म्हटले आहे, शोधून काढण्यात ती होती. जुन्या गाडीवर बाहेरून बसवलेल्या अशा कॅमेऱ्याला तो जमिनीपासून किती उंचीवर आहे, गाडी किती रुंद आहे, पुढचे टोक किती दूर आहे, ही मापे द्यावीच लागतात. मापे चुकली तर इशारेही चुकीच्या जागी वाजतील आणि त्या नोंदींवर आधारलेला नकाशाही तितकाच चुकेल. महापालिकेच्या गाड्यांना आगार असते, ठरलेले कारागीर असतात, म्हणून तेथे ही शिस्त पाळता येते. एकेका ट्रकवर पोट असलेल्या चंद्रपूरच्या मालकाला हे आगार कोण देणार?

वनजिल्ह्यांचा आणखी एक विशेष आहे. ताडोबा-अंधारीच्या भोवतालचे आणि मूल-ब्रह्मपुरीकडचे रस्ते रात्री माणसांपेक्षा चितळ, रानडुक्कर, नीलगाय यांचे अधिक असतात, कधी वाघाचेही. आपोआप लागणारा ब्रेक या प्राण्यांना वाचवील, अशी आशा बाळगणारे बरेच आहेत. तसे गृहीत धरू नये. या यंत्रणांच्या चाचण्या मुख्यतः वाहने, पादचारी आणि सायकलस्वार यांच्यावर बेतलेल्या आहेत. मोठे प्राणी ओळखण्यात पुढे असलेल्या व्होल्वोलादेखील ऑस्ट्रेलियात कांगारूंनी चकवले. उडी मारून हवेत असलेला प्राणी कॅमेऱ्याला दूर आणि जमिनीवर टेकलेला जवळ वाटतो, हे कंपनीच्या लोकांनी २०१७ मध्ये मान्य केले. झुडपातून आडवे झेपावणारे चितळ याहून सोपे असण्याचे कारण नाही. जंगलात वेग कमी ठेवण्याला अद्याप पर्याय नाही आणि पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर बांधले तसे भुयारी मार्ग कोणताही कॅमेरा बांधत नाही. प्राण्यांच्या धडकेच्या भीतीने पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावणारे तर दुहेरी नुकसान करून घेतात. त्यांच्यावर कारवाई करण्यास मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. शिवाय असा गार्ड बंपरमागच्या रडारच्या वाटेत येतो, हे वेगळेच.

यात सरकारने करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. अवजड वाहनांची योग्यता तपासणी स्वयंचलित केंद्रांकडे सोपवण्याचे धोरण आहेच. ब्रेक, दिवे, धूर यांच्या सोबत कॅमेऱ्याच्या जुळणीचा दाखला त्या तपासणीत मागितला जावा. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या आणि थॅचम संशोधन केंद्राने मिळून २०२१ पासून अशी शिस्त लावली आहे : दुरुस्ती करणाऱ्याने गाडीत ही यंत्रणा आहे का ते आधी तपासायचे, कॅलिब्रेशन लागते की नाही याची नोंद करायची आणि झाल्याचा पुरावा ठेवायचा. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे समोरच्या काचेचा दावा विमा कंपनी घसारा न कापता मान्य करते, पण कॅलिब्रेशनचा खर्च त्या दाव्यात धरला आहे की नाही, हे मालकाने सर्व्हेअरला काच उतरवण्यापूर्वीच लेखी विचारलेले बरे. तो खर्च आपल्याच खिशातून जाणार असे दिसले की बहुतेक जण ‘गाडी तर नीट चालते’ म्हणून निघून जातात, आणि त्यांना दोष तरी किती द्यावा?

चंद्रपूर आणि गडचिरोली येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एकेक समतल, छताखालची फरशी, फलकांचा संच आणि दोन प्रशिक्षित निदेशक एवढी सोय झाली, तरी खाणपट्ट्यातील बराच भार उचलला जाईल. खनिज वाहतुकीतून या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे निधी जमा होतो आणि तो खाणबाधित भागासाठीच खर्च करायचा असतो. ज्या ट्रकमुळे हा निधी येतो, त्यांच्याच धडकेपासून रस्त्यावरच्या माणसाला वाचवण्याचे काम या व्याख्येत बसत नसेल, तर दुसरे काय बसते हे प्रतिष्ठानांनी सांगावे. तोवर काच बदलणाऱ्या कारागिराला मालकाने दोन प्रश्न विचारावेत : या गाडीच्या आरशामागे कॅमेरा आहे का, आणि असल्यास तो कोणी, कोठे, कोणत्या फरशीवर जुळवणार? उत्तर ‘त्याची काही गरज नाही’ असे आले, तर गाडीच्या पुस्तिकेतील ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवावे.