न्याय्य आणि कायदेशीर

हरसूल परिसरातल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना एका शब्दापाशी मी दर वर्षी थांबतो. तो शब्द 'न्याय्य'. 'न्याय मागणी', 'न्याय हक्क' असे मुले लिहितात आणि गळालेला 'य' आम्ही लाल शाईने भरून देतो. मात्र अर्थ विचारला की उत्तर येते, "न्याय्य म्हणजे कायदेशीर." ही चूक लाल शाईने दुरुस्त होणारी नाही. सुशिक्षितांच्या बोलण्यातही ती सर्रास आढळते.

पाणिनीच्या व्याकरणात धर्म, पथिन्, अर्थ आणि न्याय या चार शब्दांना 'त्यापासून न ढळलेले' या अर्थी एकच प्रत्यय सांगितला आहे. त्यातून धर्म्य, पथ्य, अर्थ्य आणि न्याय्य हे शब्द सिद्ध होतात. म्हणजे आजाऱ्याचे पथ्य आणि न्याय्य मागणी यांचे कूळ एकच. पथ्य वाटेपासून ढळलेले नसते, न्याय्य न्यायापासून. कायदेशीर गोष्ट मात्र लिखित नियमाला धरून असते. नियमच ढळलेला असेल, तर त्याप्रमाणे केलेली गोष्ट कायदेशीर ठरते, न्याय्य ठरत नाही.

याचे उदाहरण शोधायला आम्हाला दूर जावे लागत नाही. इथली कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे ज्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या नाचणी-वरई पिकवत आली, तिच्यापैकी कितीतरी जमीन सरकारी दप्तरात 'अतिक्रमण' होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर आदिवासी कुटुंबाचा 4 हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य केला. काल जे कायदेशीर होते ते न्याय्य नव्हते, हे येथे खुद्द कायदाच सांगतो. तरीही दावे रखडले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या प्रमुख मागण्यांत वनहक्काची अंमलबजावणी होतीच.

हे दोन शब्द समानार्थी मानले, तर दावा नामंजूर झाल्याचा कागद हाती पडताच माणसाची बाजूच संपते. 'कायद्यात बसत नसेल, पण न्याय्य आहे' हे वाक्य उच्चारण्याची सोय भाषेत शिल्लक राहत नाही. माझ्या वर्गातल्या अनेकांच्या घरी तसा कागद येऊ शकतो. म्हणून त्या एका 'य'साठी मी हट्ट धरतो.