आरोग्याच्या गप्पा : कान आणि डोळे, दोन्ही एकदम



आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता आई-वडील इथे अमेरिकेतच कायमचे राहायला आले आहेत. आई हाकेला ओ देत नाही, बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलेलं असतं, आणि आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. कानांचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे. पण दोन्ही थोडं थोडं कमी झालं की अडचण नुसती दुप्पट होत नाही. कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठांकडे बघून बोलणं जुळवतो. कमी दिसणारा आवाजावरून माणूस ओळखतो, रस्ता ओलांडतो. दोन्ही कमी झालं की एकाने दुसऱ्याला सावरायची सोयच उरत नाही. मग माणूस पंगतीत गप्प बसतो आणि आपण त्याला विसरभोळा ठरवतो.

या विषयावर इथे बरंच काम झालं आहे. काँग्रेसने १९६७ साली कायदा करून हेलन केलर नॅशनल सेंटर मंजूर केलं. न्यूयॉर्कजवळ सँड्स पॉइंटला ते आहे. मिसिसिपी स्टेट विद्यापीठातही अंधत्व आणि मंददृष्टी यांवर संशोधन केंद्र आहे. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं. श्रवणयंत्राने सगळ्यांच्या स्मरणशक्तीत वगैरे फरक पडला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. जाहिरातवाले यातला दुसराच भाग सांगतात, म्हणून दोन्ही लिहिले.

आता कामाचं. ऐकण्याच्या तपासणीत शब्द ऐकून परत म्हणायचे असतात, आणि ते इंग्रजी असतात! आपल्या आईचे मार्क तिथे कानामुळे जातात की भाषेमुळे, हे कसं कळणार? अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळांना तो फुकट द्यावा लागतो. नातवंडाला दुभाषी करू नका.

यंत्र घेताना चार्जरवर ठेवायचं घ्या. मसुराएवढी बॅटरी मंद दृष्टीच्या माणसाला बदलता येत नाही, आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जातं. मूळ मेडिकेअर श्रवणयंत्राचे पैसे देत नाही. २०२२ पासून सौम्य आणि मध्यम दोषासाठी प्रिस्क्रिप्शनशिवाय यंत्रं मिळतात, पण आधी तपासणी कराच. कधी नुसता मळ निघतो. कान-डोळे दोन्ही बरेच गेलेल्यांसाठी ‘आयकॅनकनेक्ट’ ही सरकारी योजना फोन, ब्रेल यंत्र वगैरे फुकट देते आणि वापरायला शिकवते. उत्पन्नाची मर्यादा आहे, तरी चौकशी करावी.

घरात तर काहीच खर्च नाही. टीव्ही बंद करा. खिडकीकडे पाठ करून बोलू नका, तोंडावर उजेड असू द्या. खांद्याला हलकेच हात लावून आधी आपलं नाव सांगा. पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढू नका.

पुढच्या अंकात मोतीबिंदूविषयी.