गळवं पुन्हा पुन्हा उठतात तेव्हा

धानाच्या बांधीत पायाला काटा रुतला की जखमेकडे पांढऱ्या पेशी धावतात. जंतू भेटताच पेशीतलं मुक्त कॅल्शियम सुमारे १० पटीने वाढतं. त्या इशाऱ्यावर एक विकर जागं होतं आणि ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं. जंतूंचा खातमा तिथूनच सुरू होतो.

काही मुलांत हे विकरच जन्मतः सदोष असतं. मग कॅल्शियम कितीही वाढो, उपयोग नाही! गळवं, न्यूमोनिया, सुजलेल्या गाठी पाठ सोडत नाहीत.

तपासणी मात्र साधी आहे. ताज्या रक्तातल्या पेशी जागवून त्यांना एनबीटी द्रव्य दिलं की निरोगी पेशी गडद निळ्या होतात, सदोष पेशी कोऱ्याच राहतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत असं निदान होतं. भंडाऱ्याहून मुंबई सुमारे ९०० किलोमीटर. सरकारने ही तपासणी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आणावी.