लॅपटॉप म्हातारा झाला, हे ठरवलं कुणी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. सिरोंच्यात त्या दिवशी काहीच झालं नाही. लॅपटॉप आदल्या दिवशी सुरू झाला तसा दुसऱ्या दिवशीही झाला. स्क्रीनवर आलेली सूचना ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सारायला तेवढं पुरेसं होतं.

खरी गोची इथेच आहे. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, पण सिस्टीममध्ये नव्याने सापडणारी सुरक्षेची भोकं बुजवणं बंद होतं. आणि त्याच लॅपटॉपवर आपण महाडीबीटीचा फॉर्म भरतो, आधार आणि पासबुकचे स्कॅन ठेवतो.

मग विंडोज ११ टाका की! टाकलं असतं. पण त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. म्हणजे २०१६ सालचं, आजही धडधाकट चालणारं मशीन अधिकृतपणे बाद. आपल्याकडे घरातला पहिला लॅपटॉप अनेकदा सेकंडहँडच येतो. नागपूरहून, नाही तर गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणातून. गंमत म्हणजे २०१५ मध्ये ‘ही विंडोजची शेवटची आवृत्ती’ असं कंपनीच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं. २०२१ मध्ये ११ हजर!

बरं, मशीन पात्र ठरलं तरी विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर तीन-चार दिवसांचा डेटा गेला. पावसाळ्यात मध्येच लाइट गेली आणि अपग्रेड अर्ध्यात अडकलं तर? गडचिरोली इथून सुमारे दोनशे किलोमीटर, आणि रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं.

नवीन म्हणजे सुरक्षित, असंही नाही. विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याच दिवशी विंडोज ११ ला एक अपडेट आलं. त्यानंतर बिघाड दुरुस्तीच्या स्क्रीनवर यूएसबी माउस-कीबोर्डच चालेनात. म्हणजे दवाखाना उघडा, पण दाराला कडी! प्रोजेक्ट लोकलहोस्टवर चालवणाऱ्यांचीही कनेक्शन तुटली. माउस-कीबोर्डवरचा तातडीचा उपाय २० ऑक्टोबरला आला. तोवर घाई न केलेले सुखी.

लिनक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, आणि मधल्या आवृत्त्यांना सपोर्ट फक्त नऊ महिने. आकडा मोठा दिसतो म्हणून ती टाकली की वर्ष संपायच्या आत पुन्हा तीच कसरत. दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती मात्र पाच वर्षं सांभाळली जाते. २४.०४ घेतली तर २०२९ पर्यंत निवांत. केरळच्या शाळांसाठी तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये जी सिस्टीम दिली, तीसुद्धा उबुंटूच्या २०२२ मधल्या एलटीएसवर बेतलेली होती. मागे राहण्याची त्यांना लाज वाटली नाही. आपल्यालाही तेच परवडणारं आहे. फक्त मराठी टायपिंगचा सराव किंवा थंब स्कॅनर विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर उडी मारण्याआधी चौकशी करा.

विंडोज १० वरच राहायचं असेल तर घरच्या लॅपटॉपसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर पैसे लागत नाहीत. मोबाइल हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे बहुतेक अपडेट न विचारता उतरणार नाहीत. आणि परीक्षेच्या आठवड्यात अपग्रेडला हातही लावू नका.

कॉलेजच्या लॅबचं गणित वेगळं आहे. शिक्षणसंस्थांना हाच वाढीव सपोर्ट पहिल्या वर्षी प्रति कॉम्प्युटर १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर अशा दराने जाहीर झालाय. तीन वर्षांचे ७ डॉलर! आपल्या लॅबने तो घेतलाय का, की सगळी मशीन तशीच इंटरनेटवर आहेत? उद्या प्रॅक्टिकलला गेलात की सरांना एवढं विचाराच.