मोजणी आणि तिचा ताळा

संगणकाने मोजले म्हणजे ते बिनचूक असलेच पाहिजे, अशी एक समजूत अलीकडे आपल्या समाजात मूळ धरू लागली आहे. शाळेच्या कचेरीत, पंचायतीत, बँकेत, सहकारी सोसायटीत, कोठेही जा. कागदावर छापून आलेल्या आकड्यापुढे माणूस वाद घालीत नाही. यंत्राची बेरीज चुकत नाही हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मोजणी म्हणजे केवळ बेरीज नव्हे. काय मोजावयाचे, कोणत्या अटींवर मोजावयाचे आणि मोजून झाल्यावर कोण राहून गेले, हे पाहणे हाही मोजणीचाच भाग आहे. आणि तो भाग कोणतेही यंत्र आपल्या वतीने करीत नाही. विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी या गोष्टीचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका अटीची मोजणी लहान मूलही करते. अंगणात नारळांची रास पडली असेल तर एकंदर नारळ किती, हे बोट ठेवून सांगता येते. परंतु व्यापारी दारात येतो आणि विचारतो, ‘सुके आणि मोठे असे किती?’ म्हणजे दोन अटी झाल्या. सुके परंतु लहान असलेले नारळ आता बाजूला पडले, मोठे परंतु ओले असलेलेही बाजूला पडले. दोन्ही गुण ज्यांच्या ठायी आहेत तेवढेच मोजणीत आले. व्यवहारात आपल्याला पडणारे बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात.

या विचाराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचेही गणित मांडता येते, हे इंग्लंडातील जॉर्ज बूल या विद्वानाने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. पुढे अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची मोजदाद पुरी होण्यास सुमारे आठ वर्षे लागली, तेव्हा हर्मन हॉलेरिथ या अभियंत्याने एक यंत्र तयार केले. प्रत्येक माणसाचे एक कार्ड. त्याच्या माहितीप्रमाणे त्या कार्डावर ठराविक ठिकाणी छिद्रे. यंत्रातील सुया छिद्रांतून खाली पाऱ्यात बुडाल्या की वीजमंडल पुरे होई व तबकडीवरील काटा एक घर पुढे सरके. दोन मंडले अशा रीतीने जोडता येत की दोन्ही छिद्रे असतील तरच काटा हलावा. १८९० च्या जनगणनेत ही यंत्रे वापरली गेली. अनेक अटींची मोजणी यंत्राने करण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होय. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा रकान्यांचा संगणकीय तक्ता बाजारात आला, आणि आज सर्वपरिचित असलेल्या एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून ‘काउंटइफ्स’ हे सूत्र मिळू लागले. जे काम हॉलेरिथने पारा, सुया आणि तारा यांनी केले, ते आता एका ओळीत होते.

समजा, आठवी ते दहावीच्या १२० विद्यार्थ्यांचा एक तक्ता आपण केला. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात इयत्ता, तिसऱ्यात गाव, चौथ्यात येण्याचे साधन आणि पाचव्यात हजेरीची टक्केवारी. नववीतील, केरी गावची, बसने येणारी मुले किती, असा प्रश्न आहे. संगणकावर सूत्र रोमन अक्षरांत लिहावे लागते. येथे आम्ही ते उच्चाराप्रमाणे देतो :

=काउंटइफ्स(बी२:बी१२१, "नववी", सी२:सी१२१, "केरी", डी२:डी१२१, "बस")

रकाना सांगावा, मग त्याची अट सांगावी. पुन्हा रकाना, पुन्हा अट. ज्या ओळीत सर्व अटी एकाच वेळी पुऱ्या होतात, तेवढ्याच ओळी यंत्र मोजते. हजेरी ७५ टक्के वा अधिक हवी असेल तर ">=७५" अशी खूण अवतरणचिन्हांत घालावी. एक रकाना १२१ व्या ओळीपर्यंत व दुसरा १२० व्या ओळीपर्यंत असा घोटाळा झाला, तर यंत्र तत्काळ चूक दाखविते. येथवर सारे सोपे आहे. खरी अडचण जेथे यंत्र चूक दाखवीत नाही तेथेच सुरू होते.

पहिली अडचण भाषेची. वर्गात शिक्षक म्हणतात, ‘केरीची आणि पालयेची मुले उभी राहू द्यात.’ दोन्ही गावांची मुले उभी राहतात; कोणासही शंका येत नाही. परंतु हेच वाक्य जसेच्या तसे सूत्रात उतरविले, गावाच्या रकान्याला एक अट केरीची व दुसरी पालयेची दिली, तर उत्तर शून्य येते. कारण एकच मूल एकाच वेळी दोन गावांचे असल्याची नोंद कोठेच नाही! आपण बोलताना ‘आणि’ म्हणतो तेव्हा कित्येकदा आपल्या मनात ‘किंवा’ असते. माणूस ते ओळखून घेतो; यंत्र ओळखत नाही. म्हणून येथे दोन गावांची मोजणी वेगवेगळी करून बेरीज घ्यावी.

पण बेरीज करतानाही सावध असावे. बसने येणारी ५२ मुले आणि केरीची ३० मुले. तर ‘बसने येणारी किंवा केरीची’ मुले ८२ असे म्हणून चालणार नाही. केरीहून बसने येणारी २१ मुले दोन्हीकडे मोजली गेली आहेत. ती एकदा वजा केली पाहिजेत. म्हणजे खरे उत्तर ६१. हे न समजता कोणी ८२ आकड्यावर खर्चाचा अंदाज बांधला, तर दोष यंत्राचा नव्हे.

दुसरी अडचण नावांची, आणि ती आपल्या भागात विशेष आहे. आपल्याच गावाचे उदाहरण घ्या. आपण घरीदारी ‘हरमल’ म्हणतो. बाहेरगावचा प्रवासी व इंग्रजी पाट्या ‘आरांबोल’ म्हणतात. माणसाला हे एकच गाव आहे, संगणकाला मात्र ही दोन गावे आहेत. पेडणे व पेर्नेम, डिचोली व बिचोलिम, साखळी व सांकेलिम ही तशीच जोडनावे. एकाने एक नाव लिहिले, दुसऱ्याने दुसरे, तिसऱ्याने नावानंतर नकळत एक मोकळी जागा सोडली, की एका गावाची तीन गावे होतात आणि ‘हरमल’ विचारले असता तिसरा हिस्साच हाती येतो. याच्या उलटही घडते. केरी हा गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. साऱ्या राज्याच्या यादीत नुसते ‘केरी’ विचारले तर तिन्ही गावची माणसे एकत्र मिसळतील. तेथे तालुक्याची दुसरी अट घातल्यावाचून गत्यंतर नाही. एका गावाला दोन नावे आणि एका नावाची तीन गावे, असा हा आपला प्रदेश आहे. तेव्हा नोंद करण्यापूर्वीच एक नाव ठरवून सर्वांनी तेच लिहावे, ही शिस्त अवश्य पाळली पाहिजे.

तिसरी अडचण आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. ती म्हणजे रिकामी चौकट. वरील तक्त्यात हजेरी ७५ टक्के वा अधिक असलेली मुले मोजली, ती १०४ निघाली. कमी असलेली मोजली, ती ११ निघाली. दोन्ही सूत्रे निर्दोष आहेत, दोन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु १०४ आणि ११ मिळून ११५ होतात. मुले तर १२० आहेत. उरलेली ५ कोठे गेली? त्यांच्या हजेरीची चौकट कोणी भरलीच नव्हती. रिकामी चौकट ७५ हून अधिकही ठरत नाही आणि कमीही ठरत नाही. ती दोन्ही मोजण्यांतून निसटते. आता विचार करा, ज्यांची हजेरी कमी त्यांच्या घरी जाऊन चौकशी करावयाची असे शाळेने ठरविले असेल, तर या पाच जणांच्या घरी कोणी जाणार नाही. कदाचित त्यांतील एखादी मुलगी घरच्या आजारपणामुळे कित्येक दिवस शाळेत आलीच नसेल, आणि म्हणूनच तिची चौकट रिकामी राहिली असेल. जिला मदतीची सर्वांत अधिक गरज, तीच यादीबाहेर!

आपल्या वाडवडिलांनी अंकगणितात एक फार चांगली सवय लावून दिली होती, तिचे नाव ताळा. गुणाकार झाला, भागाकार झाला, की ताळा पाहावयाचा. त्याखेरीज उत्तर पुरे झाले असे मानावयाचे नाही. यंत्र आले म्हणून ही सवय सुटता कामा नये. सर्व भागांची बेरीज एकंदर संख्येइतकी येते किंवा नाही, एवढे जरी प्रत्येक वेळी पाहिले, तरी निसटलेली माणसे परत हाती लागतात.

अनेक अटींच्या मोजणीचे महत्त्व केवळ शाळेपुरते नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. त्यांत कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के व मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के होते. हे आकडे खरे आहेत. पण ते एका रकान्याचे आकडे आहेत. आमच्यासारखी माणसे, जी घरी कोंकणी बोलतात आणि मराठीत लिहितात, वाचतात, शिकवितात, ती पहिल्या आकड्यात येतात, दुसऱ्यात येत नाहीत. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे असेच आहे. मातृभाषा कोंकणी आणि शिक्षणाचे माध्यम मराठी, असा दोन अटींचा प्रश्न विचारल्यावाचून हे घर दिसतच नाही. दोन भाषांपैकी एकीला कमी लेखण्यासाठी आकडे फेकणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, एकच माणूस दोन्ही भाषांचा असू शकतो. एका अटीची मोजणी माणसांना दोन राशींत वाटते. दोन अटींची मोजणी त्या राशी कोठे मिळतात ते दाखविते. आगामी जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला असून तिची नोंद मोबाइलवर करण्याची योजना आहे. आकडे लवकर हाती येतील. त्यांना नेमके प्रश्न विचारणारे नागरिकही तयार असले पाहिजेत.

कोणी म्हणेल, हा संगणकाच्या शिक्षकांचा विषय. भाषा शिकविणाऱ्याने यात का पडावे? आमचे उत्तर असे की, सूत्र लिहिण्यास एक घटका पुरते, परंतु प्रश्न नेमका मांडण्यास भाषा लागते. ‘आणि’ कोठे, ‘किंवा’ कोठे, ‘कमीत कमी’ म्हणजे काय, ‘पेक्षा अधिक’ म्हणजे काय, हे व्याकरणाच्या तासालाच शिकावयाचे असते. ७५ टक्के हजेरी असलेला मुलगा ‘७५ टक्क्यांहून अधिक’ या अटीत बसत नाही, ‘७५ टक्के वा अधिक’ या अटीत बसतो. एका शब्दाने एक मूल आत येते वा बाहेर राहते.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच. प्रथम आपला प्रश्न शुद्ध मराठीत कागदावर लिहा. मग दहाबारा नोंदींवर तो हाताने मोजून पाहा. नंतर सूत्र लिहा आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते तपासा. शेवटी ताळा पाहा, आणि जे मोजणीत आले नाहीत त्यांची नावे काढा. पालकांनीही आपल्या पाल्याची माहिती शाळेत देताना एकही चौकट रिकामी ठेवू नये. कारण त्या चौकटीमागे त्यांचेच मूल उभे असते. यंत्र किती झपाट्याने मोजते याचे कौतुक सारे जग करीत आहे. आपण मोजताना कोणी सुटत तर नाही ना, एवढी काळजी वाहिली, तरी आपले शिक्षण कारणी लागले असे आम्ही समजू.